डफाचा मान

१० नोव्हेंबर

वही म्हणजे लिहायची वही, आणि वही म्हणजे आमच्या खानदेशात डफाच्या तालावर गायची कथा. आजपासून मी पहिल्या वहीत दुसऱ्या वहीबद्दल लिहिणार आहे. कल्पना साक्षीची. ती म्हणाली, रोज तेच तेच मला ऐकवण्यापेक्षा लिहून काढा, मला पेपर तपासायचे असतात. बायको शिक्षिका असली की नवऱ्यालाही गृहपाठ मिळतो.

तर गृहपाठ असा. फेब्रुवारीत धुळ्याला लोककला महोत्सव आहे आणि त्यात धरणगावजवळच्या आमच्या गावच्या चुडामण नानांचं वही मंडळ गाणार आहे. नाना आता ऐंशीच्या घरात. आवाज बसलाय. मंडळाला गायला माणूस हवाय. ही बातमी मला धरणगावच्या स्टँडवर कळली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मला त्या मंडळात गायचंय. दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर नोकरी आहे, क्वार्टर आहे, ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली आहे, सगळं काही वेळेवर मिळालं. हे एक राहिलं.

नानांनी मला कधी शिकवलं नाही. लहानपणी मारुतीच्या पारावर वही रंगायची तेव्हा आमच्या वस्तीतली पोरं पलीकडे चिंचेखाली उभं राहून ऐकायची. पारावर यायचं नाही हे कोणी सांगत नसे, सांगायची गरजच नव्हती. पुढे नानांच्या कॅसेट निघाल्या, त्या मी झिजेपर्यंत ऐकल्या. सराव केला तो कोळशाच्या पट्ट्याशेजारी. तिथे इतका आवाज असतो की माणूस कितीही बेसूर गायला तरी तक्रार येत नाही.

आणि मी एक वही रचली आहे. एकलव्याची. साक्षीने विचारलं, इतक्या मोठ्या महाभारतात तुम्हाला हाच कसा सापडला? म्हटलं, तोही माझ्यासारखाच, लांबून शिकलेला. त्यावर ती म्हणाली, "पुढे त्याचं काय झालं ते आठवतंय ना?" मी म्हटलं, मीच रचलंय ते, मला कसं आठवणार नाही.

मायला सांगितलेलं नाही. माय गावात एकटी राहते, क्वार्टरमध्ये तिचा जीव रमत नाही. आम्ही बौद्ध झालो तेव्हापासून पोथ्यापुराणांतलं काही तिला घरात खपत नाही. वडिलांनी, म्हणजे आबांनी, माझं नाव धम्मपाल ठेवलं. ते कोणी तोडून हाक मारली तर ती त्याला दुरुस्त करते, समोर सरपंच असला तरी.

१७ नोव्हेंबर

गेलो एकदाचा. नानांच्या ओट्यावर बसलो. गावातच वाढलो, पण त्या ओट्यावर बसायची ही पहिलीच वेळ. नानांचा पुतण्या योगेंद्र मंडळाचा कारभार बघतो, त्याने स्वतः खुर्ची आणून दिली. चहा आला, मला कागदी कपात. हे कागदी कप निघाले ते फार बरं झालं. कोणाला काही वाटून घ्यायचं कारणच राहिलं नाही. नाना आणि योगेंद्र काचेच्या ग्लासातून प्याले, ती घरचीच माणसं.

नाना म्हणाले, गा. मी त्यांचीच पहिल्या कॅसेटमधली वही धरली. तिच्यात एक जागा आहे, राजा घर सोडून निघतो तिथली. एक ओळ झाली की थांबायचं, पार शांत, आणि मग पुढची ओळ एकदम उचलायची. ही जागा माझी सगळ्यात लाडकी. पट्ट्याशेजारी उभं राहून मी ती शेकडो वेळा घेतली असेल. आजही घेतली. नाना खदखदून हसायला लागले, इतके की त्यांना खोकला लागला. योगेंद्रने पाणी आणलं.

"आरे, तठे मी थांबेल नही व्हतू," नाना म्हणाले. "तठे कॅसेटनी बाजू सरी गयथी."

म्हणजे इतकी वर्षं मी कॅसेटची बाजू संपते तो खंड गुरूची करामत समजून गात होतो. जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण नानांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, कोणी शिकवलं नाही ना तुला, म्हणून असं होतं. रविवारी तालीम असते, येत जा.

मला शिकवणार कोण होतं, हा प्रश्न मला परतीच्या वाटेवर सुचला. ओट्यावर सुचला नाही ते बरंच झालं. तोंडातून गेलं असतं.

८ डिसेंबर

रविवार म्हणजे आता धरणगावची वाट. थंडीत मोटरसायकलवर कान बधिर होतात, पण तक्रार नाही. तालीम नानांच्या खळ्यात असते, कपाशीच्या गंजीशेजारी. मला अजून गायला बसवलेलं नाही. नाना म्हणतात, आधी ऐकायला शिक. खरं तर ऐकण्याचाच माझा अभ्यास दांडगा, पण गुरूला कोण सांगणार.

मंडळाचा डफ वना म्हातारा वाजवायचा. त्याचा एक हात लुळा पडल्यापासून डफ खुंटीला आहे. आज नानांनी मला तो काढून शेकायला सांगितला. थंडीत कातडं सैल पडतं, काडीकचऱ्याचा जाळ करून त्यावर धरल्याशिवाय डफ बोलत नाही. शेकून झाल्यावर बोलतो का बघावं म्हणून मी दोन थापा मारल्या. मग चार. मग हात थांबेना. कोळशाच्या पट्ट्याचे रोलर अहोरात्र एका ठेक्यात फिरतात, तो ठेका माझ्या अंगात मुरला असावा. वर बघितलं तर सगळं मंडळ माझ्याकडे बघत होतं.

"यास्ले शिकाडनं पडस नही," नाना योगेंद्रला म्हणाले. "रगतमाच शे."

यांना शिकवावं लागत नाही, रक्तातच आहे. नाना कोणाचं कौतुक करणारा माणूस नाही, आणि मला तर त्यांनी आजवर अरेतुरेच केलं. आज पहिल्यांदा 'यास्ले' म्हणाले, अहोजाहो. घरी येऊन साक्षीला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या एकट्याबद्दल म्हणाले का ते?" या बाईला प्रत्येक उत्तराचा अर्धा मार्क कापायची सवय आहे.

२२ डिसेंबर

आज एकलव्य गायलो.

नानांनी आपण होऊन विचारलं, तू काहीतरी रचलंय म्हणे. मी सगळी गायली. योगेंद्रने मोबाईलवर रेकॉर्ड केली, म्हणाला, विसरायला नको. पुतळ्यासमोर बाण धरतो तिथपर्यंत मंडळ माना डोलवत होतं. अंगठ्याशी शांत झालं. आणि माझं शेवटचं कडवं आलं, जे कुठल्या पोथीत नाही:

माय रानमा वाकी वाकी काय धुंडस वो बाई,
पोरना अंगठा पडना आठे, मातीमा दखास नाही.

अंगठा कापून पोरगा घरी जातो आणि माय तो शोधायला रानात येते. बस, एवढंच कडवं. कसं सुचलं सांगता येत नाही. एकदा ड्यूटीवरून येताना सुचलं आणि गाडी बाजूला घेऊन मी थोडा वेळ रस्त्याकडेला बसून राहिलो होतो. आज खळ्यात वना म्हाताऱ्याने चांगल्या हाताने डोळे पुसले.

नाना म्हणाले, वही झकास बांधली आहेस, पण ती माय कुठून आणलीस? शास्त्रात माय नाही. आणि अशाने ऐकणारा गुरूला नावं ठेवत घरी जाईल. मी म्हटलं, बघतो.

साक्षीचं मत उलटं. ती म्हणते, तुमची अख्खी वही त्या एका कडव्यासाठी आहे. दोघंही माझ्यापेक्षा शहाणी. मी काय करू?

५ जानेवारी

आज निकाल लागला. चांगलाच लागला म्हणायचा.

नानांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, धुळ्यात तुझा एकलव्य घेऊ. मला वाटलं छातीत काहीतरी फुटेल. मग म्हणाले, गाणारा योगेंद्र. महोत्सववाल्यांकडे मुख्य गायक म्हणून त्याचं नाव आधीच गेलंय, लोकही त्याला ओळखतात, आणि सभेतलं गाणं म्हणजे वेगळी गोष्ट. तुझा आवाज पट्ट्यावर तयार झालाय, मोठा आहे, पण सभेला बसत नाही. शेवटचं कडवं नको. आणि डफ?

"डफना मान तुना," नाना म्हणाले. "गुरू शिष्यजोडे इतलं मांगू शकस ना?"

शिष्य. नानांच्या तोंडून. मी त्यांचं वाक्य पुरतं व्हायच्या आधीच हो म्हणालो. वाकून पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. आमच्यात पायाबियांना हात लावत नाहीत, मायने बघितलं असतं तर दोन दिवस जेवली नसती. पण गुरू तो गुरू.

घरी आलो तेव्हा साक्षी पेपर तपासत होती. सांगितल्यावर तिने लाल पेन खाली ठेवलं आणि नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. मला कळलं तिच्या मनात काय आहे. म्हटलं, तसं काही नाही बाई, दोन्ही अंगठे शाबूत आहेत. उलट डफ धरायला अंगठाच लागतो. ती हसली नाही.

"तुम्ही गाणार होतात," ती म्हणाली आणि पुढचा पेपर उघडला.

६ जानेवारी

ड्यूटीवर दिवसभर काहीतरी घरी विसरून आल्यासारखं वाटत होतं. डबा होता, चष्मा होता, गोळीही घेतली होती. वही माझीच आहे ना शेवटी. कोण का गाईना.

१९ जानेवारी

तालमीनंतर मायकडे गेलो. तिला बातमी आधीच पोचली होती. गावात बातमीला चालावं लागत नाही. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बस म्हणाली, आणि थोड्या शेंगा माझ्यापुढे सारल्या.

मी ठरवून आलो होतो, चांगल्या शब्दांत सांगायचं. सांगितलं की माझी स्वतःची वही धुळ्यात होणार आहे, हजारो लोक ऐकतील, आणि नानांनी मला शिष्य म्हटलं. गाणार कोण, तिने विचारलं. योगेंद्र. मग तू काय करणार? मी म्हटलं, नानांनी डफाचा मान मला दिलाय.

मायचे हात थांबले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मान?" ती म्हणाली. "गावनी आमना कामले कधी काम म्हनं का? मेल ढोर वढाना मान. मयतना सांगावाना मान. व्हळीना डफना मान. बठ्ठा मान आपलाच. तुना बापनं पोट त्या मानवर भरे नही, म्हनीसन त्यानी डफ हिरमा फेका."

आबांनी डफ विहिरीत टाकला हे मला माहीत होतं. तरुणपणी, दीक्षा घेतल्यावर. घरात ती गोष्ट सणासारखी सांगितली जायची. पण माय पुढचं बोलली ते मी कधी नीट ऐकलं नव्हतं. "त्या वरीसले कपाशी येचाले आमले कोनी बलायं नही. चुल्हा कसा पेटे ते मालेच माहीत. पन डफ मांगाले परत कोनी उनं नही." उपाशी राहिले, पण डफ मागायला पुन्हा कोणी दारात आलं नाही.

मी म्हटलं, माय, तो जमाना गेला. ती गावकी होती, ही कला आहे. सरकारचा महोत्सव आहे, खुर्च्या आहेत, माईक आहे. नाना मला ओट्यावर बसवतात, खुर्ची देतात. तिने विचारलं, चहा कशात देतात? मी उठलोच. असल्या गोष्टी उकरत बसलं की माणूस कुठेच जात नाही, असं काहीतरी मी बोललो. ती धुळ्याला येणार नाही म्हणाली. नको येऊ, मी म्हणालो.

जळगावपर्यंत रागातच होतो. आता लिहिताना राग नाही. कागदी कप आठवतोय. पण एकदा डोक्यात घेतलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं, म्हणून मी ते घेणार नाही. महोत्सव तोंडावर आलाय.

२ फेब्रुवारी

शेवटची तालीम. योगेंद्र माझ्या ओळी चांगल्या म्हणतो. दोन शब्द चुकीचे म्हणतो, मी सांगितलं, तर म्हणाला धम्मा, तू हाताकडे लक्ष दे. सगळे हसले. मीही हसलो. साथीला बसलेल्या माणसाने मिसळून राहावं लागतं.

९ फेब्रुवारी

धुळ्याहून परतलो. लिहायला बसवत नाही, पण आज नाही लिहिलं तर उद्या मी त्याला वेगळाच रंग देईन, स्वतःला ओळखतो मी.

संध्याकाळचा कार्यक्रम, मैदान भरलेलं. साक्षी पुढून चौथ्या रांगेत. माय आली नाही. निवेदकाने योगेंद्रच्या हातातला कागद घेऊन नावं वाचली. गायक योगेंद्र, आडनावासकट, गावासकट. झील धरणारे सगळे, आडनावासकट. तुणतुणं, आडनावासकट. "आणि डफावर आपला धम्मा." टाळ्या पडल्या. मीही मान तुकवली.

वाजवलं मात्र असं की विचारू नका. इतका चांगला डफ मी कधी वाजवला नव्हता. लोक कथेपेक्षा डफावर डोलत होते. योगेंद्र चुकीचे दोन शब्द चुकीचेच म्हणाला आणि कोणाला कळलं नाही. अंगठ्याचा प्रसंग आला. तिथे त्याने गाता गाता पहिल्या रांगेत बसलेल्या नानांकडे वळून हात जोडले. मैदान टाळ्यांनी दणाणलं. मग गुरुमहिम्याच्या चार ओळी, नानांनी नव्या घातलेल्या, आणि वही संपली.

माझा हात बरोबर जागेवर थांबला. तोंडात ती माय आली होती. रानात वाकून शोधणारी. सगळ्या मैदानात ती एकट्या माझ्या तोंडात होती, आणि माईक माझ्यापासून हातभर लांब होता, डफासमोर लावलेला. मी गाऊ शकलो असतो. कोणी माझा गळा धरला नव्हता. दोनच ओळी होत्या. मी तोंड मिटून बसलो, आणि लोक उठायला लागले.

योगेंद्रला शाल आणि स्मृतिचिन्ह. झीलकऱ्यांना शाल. मला नारळ. निवेदकाने रचना कोणाची विचारलं तेव्हा योगेंद्र म्हणाला, मंडळाची. नानांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाले, आज तू नाव काढलंस. कोणाचं, ते नाही म्हणाले.

परतताना साक्षी मागे बसली होती. पारोळ्याशी चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "वाजवलं छान." तिच्या आवाजात दया होती. मला तिचं लाल पेन परवडलं असतं.

१६ फेब्रुवारी

महोत्सवाचा व्हिडिओ गावभर फिरतोय. पट्ट्यावरच्या पोरांनीही बघितला. आमचा फोरमन म्हणाला, कांबळे, छुपे रुस्तम निघालात, कुठल्या क्लासला जाता? मी म्हटलं, क्लास नाही, असंच. व्हिडिओत माझे हात दिसतात. कॅमेरा सारखा हातांवरच आहे. चेहरा एकदाच, तोही अर्धा.

तालमीला गेलो नाही. कोणी विचारलंही नाही का आलो नाहीस म्हणून.

९ मार्च

आज जे झालं ते कसं लिहावं.

मायकडे गेलो होतो. जानेवारीपासून आमचं धड बोलणं नव्हतं, म्हणून मुद्दाम कुरडयांसाठी गहू घेऊन गेलो. तीही नेहमीसारखी बोलत होती. गव्हाचा भाव काय, शेजारणीची सून काय. तेवढ्यात वस्तीतली पोरं पळत सांगायला आली, नाना आले, नाना आले.

नाना खरंच आले होते. योगेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून, गावची चार मोठी माणसं सोबत, पांढऱ्या टोप्या, हातात नारळ. माझ्या आठवणीत नाना आमच्या वस्तीत कधी आलेले नाहीत, आबा गेले तेव्हासुद्धा नाही. मी धावत खाट टाकली. माय दारातच उभी राहिली. चहा ठेवू का म्हटलं, तर सगळे एकदम म्हणाले, आत्ताच घेतला चहा.

नाना फार प्रेमाने बोलले. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"कलाबाई, यंदा व्हळीले डफ पाहिजे," ते म्हणाले. "भिकाना पोरनी गावनं नाव धुळालगुन नेयं. पयला मान तुम्हना घरना. पयलेथून तुम्हनाच शे."

भिका म्हणजे आमचे आबा. नारळ त्यांनी खाटेवर ठेवला.

मला सगळं एकदम कळलं. इतकं साधं होतं ते. माय सांगत होती तेव्हाही साधंच होतं. आबांनी एकदा डफ विहिरीत टाकला, तो हंगाम उपाशी काढला, आणि त्यानंतर हे दार कोणी वाजवलं नाही. मी गेलो, आणि खुर्चीवर बसून, चांगल्या उजेडात, माईकसमोर सांगून आलो की आता वाजवा.

मायने माझ्याकडे बघितलं. ती काही बोलणार नव्हती. तिचं आणि आबांचं बोलून झालं होतं. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, हसतमुख. योगेंद्रने तर मोबाईल बाहेर काढला होता, फोटोला. मला फक्त नाही म्हणायचं होतं. नाना, आमच्या घरात हे होत नाही. एवढंच. पाठ होतं मला. एकलव्यासाठी मी इतकी कडवी रचली, हे एक वाक्य काय जड.

"नाना," मी म्हणालो, "त्या दिवशी माझी ड्यूटी आहे."

नाना जराही नाराज झाले नाहीत. "काही हरकत नही. पुढला वरीसले," ते म्हणाले. "मान तुनाच. राखी ठेवसूत." उठले, मायला नमस्कार केला, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. नारळ खाटेवरच राहिला. जाताना चारही जण माझी पाठ थोपटून गेले.

मी मायला म्हटलं, गेले ना, टाळलं ना मी. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

माय नारळाकडे बघत होती.

"तुना बापनी नही म्हनं व्हतं," ती म्हणाली. "तू सुट्टी मांगी."

मग ती गहू घेऊन आत गेली. मी बराच वेळ अंगणात थांबलो. ती बाहेर आली नाही, तेव्हा निघालो.

११ मार्च

होळीला माझी सुट्टी होती. आज फोरमनकडे जाऊन दुसऱ्या शिफ्टला नाव घातलं, निदान बोललो ते तरी खोटं ठरू नये. ज्याची शिफ्ट घेतली तो पोरगा खूश झाला, म्हणाला, काका, तुमचे उपकार. मी म्हटलं, जा, सण कर.

१४ मार्च

काल होळी झाली. पट्ट्याशेजारी उभा होतो. गाणं सुचलं नाही, आठवलंही नाही.

तीन दिवस मायला फोन लावतोय. ती उचलत नाही. आधी वाटलं चार्जिंग नसेल. आज सकाळी साक्षी म्हणाली, मी लावून बघते. मी तिच्या शेजारी बसलो होतो. दुसऱ्याच रिंगला मायने उचलला. साक्षीने आवाज मोठा केला. तब्येत बरी आहे, कुरडया घातल्या, ऊन चांगलं पडतंय. गावात होळीला डीजे आणला होता म्हणे, सगळी पोरं नाचली. डफावाचून कोणाचं काही अडलं नाही. त्यांना डफ नकोच होता.

साक्षीने मग मुद्दाम विचारलं, आत्या, धम्मपालशी बोलता का, देऊ का फोन?

मी हात पुढे केला होता.

"ऱ्हाऊ दे," माय म्हणाली. "तो ड्यूटीवर व्हई."

साक्षीने माझ्याकडे बघितलं आणि मायला काही सांगितलं नाही. मग त्या दोघी कुरडयांविषयी बोलत राहिल्या.